खडूची रेघ

सुनंदा माझी जुनी विद्यार्थिनी. शिवणकामाच्या दुकानात तिने माझ्या सदऱ्याच्या कापडावर खडूने रेघ ओढली. छातीच्या मापाचा चौथा भाग तिने मनातच काढला होता.

“सर, आता म्हणे गणित राहिलं तरी अकरावीला घेतात,” ती मान वर न करता म्हणाली. “आम्हीच लवकर जन्मलो.”

लवकर कसलं? शाळेचा निकाल चांगला दिसावा म्हणून कच्च्या मुलांना आम्ही नववीतूनच काढायचो, दहावीला बाहेरून बसा म्हणायचो. गणितात कच्ची म्हणून तिचा दाखला काढायच्या अर्जावर तिच्या वडिलांची सही मीच घेतली. ती पुढे परीक्षेला बसलीच नाही. आज नियम एका ओळीत बदलला. आधीच्या मुलांचं काय, हे कुणी विचारलंही नाही. संताप येतो. पण परीक्षा मंडळावर किती ओरडू? त्या वर्षी ‘निकाल शंभर टक्के’ हे फळ्यावर रंगीत खडूने मीच लिहिलं होतं.