डॉक्टरने लिहिलेली ट्यूब आणि मी दिलेली

माझ्या धाकट्या बहिणीचा चेहरा मी खराब केला आणि तो तिनेच केला असं घराला सांगितलं. यातली दुसरी गोष्ट जास्त वाईट, हे कळायला मला फार वर्षं लागली.

दोन हजार चारच्या सुमाराला मी गोंदियात एका औषधाच्या दुकानात काउंटरवर होतो. सालेकसा तालुक्यातल्या आमच्या गावाहून रोज पॅसेंजरने ये-जा करायचो. गाव मला अर्धा डॉक्टर समजायचं, आणि मीही तसंच समजायचो. बहीण एकवीस वर्षांची होती. गालांवर, हनुवटीवर मुरमं. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आटोपली की पाहुणे तिला बघायला येणार होते.

मी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अ‍ॅडापलीनचं जेल लिहून दिलं. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, हरभऱ्याएवढं लावायचं आणि तीन महिने धीर धरायचा, असं त्यांनी तिला दोनदा बजावलं. धीर तिला होता. मला नव्हता. पाहुणे सव्वा महिन्यावर आले होते.

दुकानात मी दोन ट्यूबा शेजारी ठेवल्या. अ‍ॅडापलीन नवं आणि सौम्य. ट्रेटिनॉइन त्याच जातीचं, पण जुनं आणि जहाल, त्यातही मी सगळ्यात जास्त ताकदीचं काढलेलं. आमच्या काउंटरवर एक समजूत पक्की होती, गिऱ्हाइकांची आणि आमचीही, की झोंबतं तेच लागू पडतं. "भैया, जलन ही नहीं हुई, दूसरा दो," म्हणत लोक ट्यूब परत आणायचे. चिठ्ठीवरची ट्यूब मी कपाटात परत ठेवली आणि दुसरी घरी नेली. बहिणीला म्हणालो, औषध तेच आहे, कंपनी वेगळी.

खोक्यातल्या कागदावर उन्हाबद्दल लिहिलेलं होतं. तो कागद मी काढून घेतला. रोवणीला माणसं कमी होती. ऊन चालत नाही म्हटलं असतं तर ती घरी बसली असती आणि बाबांनी मला धारेवर धरलं असतं. आभाळ तर भरलेलंच आहे, असं मी मनाशी म्हणालो. धानाच्या बांधीत वाकून रोवणाऱ्या बाईच्या तोंडावर उजेड खालच्या पाण्यातून येतो, ढग असले तरी येतो. शेतकऱ्याच्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही.

आठवड्याभरात तिच्या गालांची सालं निघायला लागली. रोवणीच्या बायांनी विचारलं, "कावं, तोंडाले चुना लावला का?" पहिल्या दिवशी ती हसली. मग गाल लाल झाले, ओठांच्या कडा चिरल्या, घाम लागला की डोळ्यांत पाणी यायचं. रोवणी संपता संपता गालांच्या हाडांवर काळे डाग बसले.

आईने अंगणात, सगळ्यांसमोर मला विचारलं, हे काय झालं. मी म्हणालो, लवकर गोरी व्हायची घाई, दिवसातून तीनदा थापत असेल.

बहीण म्हणाली, "मी मोजून लावतो."

"मंग भाऊ खोटं बोलून राहिला का?" आईने विचारलं.

मी बूट घातले आणि स्टेशनकडे निघालो.

संध्याकाळी ती चिठ्ठी आणि ट्यूब घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "भाऊ, हे नाव चिठ्ठीवर नाही. तुनं बदलवून काऊन देल्लं?"

बारावी नापास पोरीने मला औषधं शिकवू नयेत, असं मी तिला सुनावलं आणि ट्यूब हिसकावून घेतली. चिठ्ठी चुलीत टाकली.

पाहुण्यांना नंतर या म्हणून कळवलं. त्यांनी दुसरीकडे जमवलं. डाग वर्षभरात बरेच विरले, एक राहिला. पुढे तिचं लग्न चोरखमारा गावात झालं, संसारही बरा चालला. माहेरी मात्र तिचं नाव 'हावरी' पडलं. घरात चार माणसं जमली की आई ती गोष्ट सांगायची, लोक हसायचे, आणि मीही हसायचो.

तेव्हा पाळण्यात असलेल्या माझ्या मुलीला बारा वर्षांनी मुरमं आली. भाऊबीजेला बहीण घरी आली होती. मुलीच्या हातात डॉक्टरांनी दिलेली ट्यूब बघून आई म्हणाली, "आत्यासारखी थापू नको वं, तोंड जाळून घेशील."

बहीण ताटात भात वाढत होती. तिने मान वर केली नाही.

मी बोललो. ट्यूब मी बदलली, कागद मी काढला, तीनदा थापल्याचं मी बनवून सांगितलं, सगळं. बोलताना मला वाटत होतं की आता आई मला शिव्या देईल. त्याच शिव्यांची मी वाट बघत होतो.

आई हसली. "आज भाऊबीज हाय म्हणून बहिणीची बाजू घेऊन राहिला. जास्तच लावलं असन तिनं."

"नाही आई, मीच..."

"राहू दे भाऊ," बहीण म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "बारा वर्षं तू हसला आईसंगं. लय पक्कं बसवलं तुनं. आता ते तुह्यानंही निघत नाही."

मी परत पहिल्यापासून सांगायला लागलो. आई म्हणाली, भात थंडा होऊन राहिला.