शेवटची जागा कुणाची

भांडायला उभ्या राहिल्या की पी.टी.च्या बाई दोन्ही हात पाठीमागे बांधायच्या. कराडच्या मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर खो-खो शिकवला होता, ती सवय अंगात होती. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा मात्र त्या डब्लिनच्या ओंगार वस्तीत, आमच्या शेजारच्या घराच्या मागच्या अंगणात उभ्या असायच्या आणि भांडण चाललेलं असायचं अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवर.

हातात चेंडू घेऊन पळायचा हा खेळ त्यांना मुलीकडे भेटला. अमेरिकेत मुलीची मुलं सांभाळताना त्या एका कॉलेजच्या गावात बरीच वर्षं राहिल्या. तिथे शनिवारी सगळा गाव मैदानावर जायचा. बाईही जाऊ लागल्या. नातवंडं मोठी झाली आणि इकडे डब्लिनला मुलगा निखिल आणि सून, दोघं डॉक्टर, यांना बाळ झालं. बाई इकडे आल्या. स्वेटर, गोळ्यांचा डबा आणि हे वेड घेऊन.

मीही डॉक्टरची बायको म्हणून आलेली, पुण्यातली नोकरी सोडून. दुपारी दोघी चहाला बसायचो. त्यांनी मला सगळं टेबलावर चमचे मांडून समजावलं. तिकडे इतकी कॉलेजं खेळतात की सगळी एकमेकांशी खेळूच शकत नाहीत. म्हणून शेवटी एक समिती बसते आणि राष्ट्रीय विजेतेपदासाठी झुंजायला बारा संघ निवडते. वरच्या संघांवर कुणाचं दुमत नसतं. सगळी मारामारी शेवटच्या जागेवर.

"थोरल्या घरचा संघ तीनदा हरला तरी त्याचं पान मांडलेलं," बड्या नावाच्या कॉलेजांबद्दल बाई म्हणायच्या. "आणि हा लहान कॉलेजचा संघ एकदाच हरला, तर ह्याला विचारतात, तुम्ही खेळलात कुणाशी? अगं, तुम्ही त्यांना खेळायला घेताच कुठं?"

त्यांचा खरा प्रतिस्पर्धी होता पलीकडच्या घरातला डेक्लन, निवृत्त बस ड्रायव्हर. त्याचा भाचा तिकडच्या अशा कॉलेजात शिकला होता, ज्याच्या संघाच्या नावातच आयरिश आहे आणि जो इतरांसारखा कुठल्या लीगमध्ये न जाता स्वतंत्र खेळतो. साहजिकच डेक्लनचा जीव तिथे. बाई त्याला भिंतीवरून सुनवायच्या, "युवर आयरिश, नो लीग. अलोन प्लेइंग. स्टिल फर्स्ट पंगत." पंगत म्हणजे काय ते मी त्याला सांगितलं होतं. तो हसून म्हणायचा, "आह, यू माइट बी राइट देअर, मिसेस," आणि लगेच आपलं म्हणणं पुन्हा पहिल्यापासून मांडायचा.

ही भिंत म्हणजेच त्यांचं जग होतं. आल्या आल्या त्या एकदा फिरायला गेल्या आणि परतीची वाट चुकल्या. आमच्याकडची घरं सगळी सारखी, दारंसुद्धा. पावसात एकेका दाराशी थबकत त्या चालत राहिल्या. शेवटी एका बाईने त्यांना घरात घेऊन फोन लावून दिला. त्या दिवसापासून निखिलने एकटीने बाहेर जायचं नाही म्हणून सांगितलं. तो वाईट नव्हता. खरंच घाबरला होता. बाईंना पूर्वी एकदा चक्कर आलेली. पण सकाळी दोघं कामावर गेले की बाई, बाळ आणि काचेपलीकडचं ते चौकोनी गवत. कुणी विचारलं, कशा आहात, तर 'मजेत' या अर्थाचा इथला शब्द उचलून म्हणायच्या, "ग्रँड."

त्या लहान संघाची एवढी कड का घेता, असं मी एकदा विचारलं. बाळाचे मोजे घड्या करत त्या म्हणाल्या, "माझ्या पोरी एका वर्षी सगळ्या सामन्यांत जिंकल्या. तरी राज्याच्या संघात एकीला घेतलं नाही. म्हणाले, तुमच्या भागात चुरस नाही. मी शाळेत गेले तर पोरी मैदानातच बसलेल्या, बूट घालून. त्यांना काय सांगणार?"

"काय सांगितलंत?"

"सांगितलं, चला, पळा. सराव बुडवायचा न्हाई." मोजे खाली ठेवून त्या खिडकीशी गेल्या.

त्यातल्याच एका मुलीने आता कराडला लहान मुलींचा सराव सुरू केला होता. बाई, तुम्ही या, नुसत्या खुर्चीवर बसा, असा तिचा आग्रह. तिथे बाईंचा स्वतःचा फ्लॅट होता, शेजार होता. बाईंनी निखिलकडे विषय काढला की तो म्हणायचा, "उन्हाळ्यात बघू."

डिसेंबरातल्या रविवारी समिती निकाल देते, तेव्हा इथे संध्याकाळ झालेली असते. त्या वर्षी बाईंनी मला बोलावून घेतलं. स्वयंपाकघरात बाई फोन धरून बसल्या होत्या. बाहेरच्या खोलीत निखिल अमेरिकेतल्या बहिणीशी व्हिडिओवर बोलत होता. दार उघडं होतं.

"मार्चपर्यंत इकडे राहू दे," निखिल म्हणत होता. "मग तू ने. फ्लॅट भाड्याने देऊन टाकू."

"उन्हाळ्यात आम्ही नाही आहोत रे. ऑगस्टनंतर चालेल?"

बाईंच्या हातातल्या फोनवर यादी आली. शेवटची जागा थोरल्या घरच्या संघाला मिळाली होती. मला वाटलं, आता त्या तावातावाने बोलतील. त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला, उठल्या आणि बाहेरच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. हात पाठीमागे.

"मी कराडला जाणार," त्या म्हणाल्या. "मार्च न्हाई, ऑगस्ट न्हाई. आता."

"आई, तिथे तुला काही झालं तर? एकटी असशील."

"हितं मी सकाळपासून एकटीच असते, निखिल."

निखिलने बाळाचं कारण सांगितलं, प्रवासाचं, गुडघ्यांचं. बाई ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही दोघं हुशार आहात. पण मला विचारलंत का कधी?"

त्यानंतर बरेच दिवस त्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. सून एकदा माझ्याकडे येऊन रडून गेली. तिला बाईंचा राग नव्हता, पाळणाघरात जागा मिळत नव्हती. ती मिळाली आणि जानेवारीत बाईंचं तिकीट निघालं. डेक्लन निरोप द्यायला आला, दारातच उभा राहून त्याने बाईंचा हात बराच वेळ धरला.

विमानतळावर निखिलने व्हीलचेअर सांगून ठेवली होती. बाईंनी तिच्यावर पिशवी ठेवली आणि स्वतः शेजारून चालत गेल्या. मला जवळ घेऊन म्हणाल्या, "तू घरात बसू नकोस गं." मागे वळून त्यांनी पाहिलं नाही. निखिल तरीही काचेशी हात वर करून उभा होता.

परत येताना गाडी तोच चालवत होता. ओंगारचं वळण आल्यावर म्हणाला, "मेघना, इथे तिला काय कमी होतं?"

"काही कमी नव्हतं," मी म्हणाले.

त्याने मान डोलावली. गाडी दारासमोर थांबली तरी आम्ही दोघंही उतरलो नाही; आत जाऊन मलाही काचेपलीकडचं ते चौकोनी गवतच बघत बसायचं होतं.