पाळण्यावरचा कॅमेरा आणि आमचे व्याही

"स्पुटम पॉझिटिव्ह आहे," डॉक्टर म्हणाले. स्पुटम म्हणजे बेडका. तो पॉझिटिव्ह आला म्हणजे त्यात टीबीचे जंतू सापडले आणि माझ्या खोकल्यातून ते दुसऱ्याला जाऊ शकतात.

मी म्हणालो, "डॉक्टर, चार दिवसांपूर्वी मला नात झालीय. उद्या दवाखान्यातून घरी येणार आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तिला हातात घेतलंत?"

"नाही. खोकतोय म्हणून सिस्टरांनी दारातनंच परत पाठवलं."

"त्या सिस्टरांचे आभार माना. दोन महिने गोळ्या घ्या, मग पुन्हा तपासू. निगेटिव्ह आल्याशिवाय बाळाजवळ जायचं नाही."

तीन आठवडे खोकला होता, संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, पँट ढिली झाली होती. मी मात्र ‘आता पोट उतरलं’ म्हणून खूश होतो. तुमचंही असं पोट उतरत असेल, तर आरशाकडे नको, डॉक्टरकडे जा.

घरच्या सगळ्यांची तपासणी झाली. सुदैवाने बायको आणि मुलगी ठणठणीत निघाल्या. मी गादी गुंडाळून कळंब्याच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या मागच्या खोलीत राहायला गेलो. क्लास दोन महिने बंद ठेवला. डबा घरून यायचा. पहिल्याच आठवड्यात लघवी नारिंगी झाली आणि मी मृत्युपत्राचा मजकूर मनात जुळवायला लागलो. डॉक्टर फोनवर हसले. "रिफाम्पिसिन या गोळीचा रंग आहे तो. गोळी पोटात जातेय एवढाच त्याचा अर्थ."

जंतूंपेक्षा रिकामा वेळ जास्त छळतो. मी व्हिज्युअल बेसिक शिकवायचो, म्हणून ठरवलं की नात बघायला प्रोग्राम लिहायचा. घरच्या कॉम्प्युटरला वेबकॅम लावायला सांगितला. बायकोने तो पाळण्यावरच्या खिडकीच्या गजाला नाडीने बांधला. प्रोग्रामची कामं तीन. कॅमेऱ्यातून चित्र उचलायचं, ते दाबून लहान करायचं आणि मोडेमवरून माझ्याकडे पाठवायचं. फोनच्या तारेतून तीन सेकंदांना एक चित्र यायचं, तेही बिनआवाजाचं. उचललेली सगळी चित्रं मात्र घरच्या डिस्कवर साठत राहतील, अशी सोय मी केली होती.

पहिलं चित्र आलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. पडद्यावर एक मूठ होती. तीन सेकंदांनी ती मूठ उघडली होती. मधल्या वेळात ती कशी उघडली असेल, हे मी दिवसभर मनातल्या मनात बघत राहिलो.

इथवर सगळं गोड होतं. बाराव्या दिवशी बारसं झालं आणि पडद्यावर आमचे व्याही उगवले.

व्याही म्हणजे मुलीचे सासरे, अण्णा. कागलच्या पुढं, अगदी कर्नाटक सीमेवरच्या गावात त्यांचं दुकान. माणूस भारदस्त, मिशी भारदस्त, हात परातीएवढे. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं. अवनी. ते मला नंतर बायकोकडून कळलं. मग अण्णांनी तिला पाळण्यातून उचललं. तीन सेकंद. अजून त्यांच्याकडेच. तीन सेकंद. मिशी तिच्या कपाळावर. तीन सेकंद. पडद्यावर फक्त त्यांची पाठ, आणि त्या पाठीपलीकडे कुठेतरी माझी नात.

घर माझं, कॅमेरा माझा, प्रोग्राम माझा आणि बघायची कुणाची पाठ? मी प्रोग्रामची खिडकी बंद केली आणि दुपारचा डबा न खाता परत पाठवला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस!

त्यानंतर अण्णा दर रविवारी यायला लागले. ते दिसले की मी खिडकी बंद करायचो. मग फोन आला की बाळाला सव्वा महिना झाला की अण्णा बाळबाळंतिणीला न्यायला येणार. म्हणजे माझी तपासणी व्हायच्या आधीच.

मी डॉक्टरांच्या मागे लागलो, आत्ताच तपासा. ते म्हणाले, "लवकर आहे. पण तुमच्या समाधानासाठी करू." इथे मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण दुसरं कुणी करू नये म्हणून सांगतो. बेडका छातीतून खोकून काढायचा असतो. मी डबीत नुसती थुंकी दिली. थुंकीत जंतू सापडणार नाहीत, रिपोर्ट निगेटिव्ह येईल आणि संध्याकाळपर्यंत नात माझ्या हातात असेल, असा हिशेब.

लॅबमधल्या बाईंनी डबी उजेडात धरली. "काका, ही थुंकी हाय. कुणाला फसवायलाय?"

मी म्हणालो, "खोकलाच येत नाही हो."

"मग चांगलं हाय की. घरात ल्हान पोर हाय न्हवं तुमच्या? त्येच्यासाठी तरी खरं द्या."

मी बाहेर जाऊन छातीतून खोकलो. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. जंतू थोडे होते, पण होते. मुलगी नातीला घेऊन सासरी गेली.

घर मोकळं झालं म्हणून मी घरी परतलो आणि साठवलेली चित्रं उघडून बसलो. बेत साधा होता. अण्णा असलेली सगळी चित्रं पुसायची आणि उरलेल्यांचा अल्बम करायचा.

बारशाच्या चित्रांत ती पाठ आली. त्यापुढची चित्रं मी पाहिलीच नव्हती. पाठ वळली. अण्णांनी अवनीला कॅमेऱ्यासमोर, अगदी जवळ धरलं होतं. दोन बोटांनी तिचे तळवे जुळवत होते. त्यांचे ओठ हलत होते. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

मी बायकोला हाक मारली. "मंगल, हे काय बोलतायत?"

"आजोबास्नी नमस्कार कर म्हणत्यात. दर रविवारी न चुकता. ‘पावणं एकटं बसल्यात तिकडं, त्यास्नी पोरगी दिसू दे’ म्हणायचे. का? तुम्हाला दिसलं न्हाई व्हय?"

मी "लाइन खराब होती" म्हणालो. एकही चित्र पुसलं नाही.

दोन महिने भरले आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला. डॉक्टर म्हणाले, "आता बाळाला घ्या. पण सहा महिने पुरे होईपर्यंत गोळी चुकवायची नाही." मी चुकवली नाही. तुम्हीही चुकवू नका. बरं वाटलं म्हणजे बरं झालं असं या आजारात नसतं.

त्याच दिवशी एसटीनं अण्णांच्या गावी गेलो. अण्णांनी अवनीला माझ्या हातात दिलं. ती मिनिटभर बघत राहिली, मग माझ्या खांद्यावर लाळ गाळत झोपून गेली. अण्णा समोर बसले. मग उठले. परत बसले.

"मान धरा, पावणं."

"धरलीय."

"हात अवघडला असंल. द्या की हिकडं."

"नाही अवघडला."

थोड्या वेळानं ते आत जाऊन आले, आत पाट टाकलाय म्हणाले. जेवण गार व्हायलंय म्हणाले. मिशीखाली त्यांचा चेहरा पार उतरला होता. तो चेहरा मी दोन महिने रोज आरशात पाहिला होता, त्यामुळे मला त्यांची फार दया आली.

"बसा अण्णा," मी म्हणालो, "पाचच मिनिटं."

जेवण खरंच गार झालं.