टायफॉइड नव्हता

मंडळाच्या स्मरणिकेसाठी दरवर्षी मी गणेशोत्सवाच्या जुन्या आठवणी लिहितो. यंदा एक खोटं दुरुस्त करायचं आहे. कॉलेजात असताना माझ्या मुलाला टायफॉइड झाला, असं मी तुम्हा सर्वांना सांगितलं होतं. तसं नव्हतं. त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला होता.

त्याआधी दोन महिने, चहा घेताना, त्याने सांगितलं की त्याला मुलगेच आवडतात. "बाबा, मैं बीमार नहीं हूँ," असंही म्हणाला. इथल्या हिंदी मुलखात वाढलेला, आमच्या मराठीला तो नेहमी हिंदीतच उत्तर द्यायचा. मी संशोधन संस्थेतला वैज्ञानिक. एकाच नोंदीवरून निष्कर्ष काढणाऱ्यांना फैलावर घेणारा. पण त्या दिवशी मी त्याला देवापुढे बसवलं, तळहातावर पळीभर पाणी घातलं आणि 'हे मनातून जावं' असा संकल्प सोडायला लावला. रोज अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं.

मंडळाच्या सहस्रावर्तनात तो लहानपणापासून हौसेने पुढे बसायचा. त्याच्या आवडीचीच मी शिक्षा केली.

सकाळी दाराआडून त्याचा आवाज यायचा. मला वाटे, गुण येतोय.

"अहो, तो जेवत नाहीये," बायको म्हणायची. "नुसता आवाज काय ऐकता? पोराकडे बघा जरा."

"उच्चार बघ किती स्वच्छ!"

एकदा सोळाव्या आवर्तनानंतर आवाज थांबला. पाणी प्यायला उठला असेल म्हणून मी पेपर वाचत राहिलो. बायको धावली. तिच्यामुळे तो वाचला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "घर में कुछ हुआ था?"

"नहीं, एग्ज़ाम का टेंशन," मी म्हणालो. तो शुद्धीवर होता. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

आता तो जोडीदारासोबत पुण्यात राहतो. फोन आईला करतो. हे लिहू का, असं विचारायला परवा मीच फोन लावला.

"लिखिए. और वो टायफॉइड काट दीजिए. मंडळवाल्या काकू आज भी पूछती हैं, बुखार में झड़े बाल वापस आए कि नहीं." तो हसला. मग म्हणाला, "डॉक्टर वाली बात भी लिखिएगा."

"अथर्वशीर्ष म्हणतोस का रे अजून?"

"नहीं बाबा. शुरू करता हूँ, गला बैठ जाता है."

तर डॉक्टर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे : घरात झालं होतं. मी केलं होतं.