उसाशावरचा मुकुट

बोटीत पाऊल न ठेवता परदेश पाहिलेली माणसं आमच्या नगरात पुष्कळ होती. त्यांतलाच मी एक. लढाई संपली त्या हिवाळ्यात एका शनिवारी शाळा सुटल्यावर सर्व्हिस मोटारीत बसलो आणि गोदावरी ओलांडून निजामाच्या राज्यात गेलो. नाक्यावरच्या शिपायानं माझा लाडवांचा डबा असा तपासला, की जणू आत तोफ असावी.

शेजारी आमच्या गल्लीतले मिस्त्री चाचा होते. त्यांच्या मांडीवर फडक्यात बांधलेला खापरी नळाचा फुटका तुकडा. गल्लीच्या हौदाला बादशाही काळापासून असल्या मातीच्या नळातून पाणी येई. पण त्या पावसाळ्यापासून एकच सांधा चार वेळा उखडला होता. म्युनिसिपालिटीच्या ओव्हरसियरनं बजावलं होतं, "पुढच्या शनिवारपर्यंत पाणी आलं नाही, तर हा नळ कायमचा बंद." मग बायकांच्या नशिबी पाऊण मैलावरची विहीर. औरंगाबादेत तसले नळ अजून वाहतात, तेव्हा तिथला सांध्याचा मसाला पाहून यायचाच, असा चाचांचा हट्ट होता.

"उद्या रविवार. सगळं बंद असलं म्हणजे?" मी विचारलं.

"मास्तर, तिकडं सुट्टी जुम्म्याची. तुमी लई वाचता, पन कामाचं न्हाई वाचत."

शहर निवांत होतं. सकाळी दुकानाच्या फळ्या काढायला आलेला वाणी पहिलीच फळी काढून तिच्यावर बसला, तो आम्ही परत येईपर्यंत तिथंच होता.

नळांची राखण करणाऱ्या म्हाताऱ्यानं आमचा तुकडा नखानं खरवडला, हुंगला. "तेल, चुना, कापूस. मसाल्यात खोट नाही. तुमचा उसासा कुठाय?"

त्यानं आम्हांला विटांच्या एका उंच खांबापाशी नेलं. नळ त्याच्या पोटातून जात होता आणि खांबाचं तोंड वर उघडं होतं. कान लावला तर आत कुणी झोपल्यासारखा वारा चालू होता.

"नळात कोंडलेला वारा इथून जातो. हे तोंड बुजवा, बघा कुठला सांधा टिकतो ते."

चाचा खाली बसले. त्यांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या फक्त सांधे. खांबांचं काम दुसऱ्या घराण्याचं, आणि ते केव्हाच मुंबईला गिरणीत गेलेलं. आमच्या गल्लीतही तसाच खांब होता. आम्ही त्याला मनोरा म्हणत असू. उन्हाळ्यात एक बडे साहेब गल्लीतून जाणार म्हणून पुढाऱ्यांनी त्याचं तोंड सिमेंटनं बुजवून वर मुकुट बसवला होता. मुकुटाच्या खालीच खांबात लेखाची संगमरवरी शिला. साहेब धुळीमुळे मोटारीच्या काचा लावूनच गेले.

"मुकुट काढावा लागंल, मास्तर," परतताना चाचा म्हणाले. "गल्ली बोंब मारंल."

"काढू."

सोमवारी उजाडताच चाचा नव्या सांध्याला लागले. त्यांचे गुडघे शिडीला राजी नव्हते, म्हणून घण घेऊन मी चढलो. आमचे एक पुढारी तोंडात दातवण धरून धावत आले.

"अहो मास्तर! त्या शिलेवरचा लेख तुमचाच ना?"

"म्हणून तर मी फोडतोय. दुसऱ्यानं फोडला असता तर मला वाईट वाटलं असतं."

ते खाली शिडी धरून हलवू लागले. एका हातानं खांब धरून मी घाव घालत राहिलो. सातव्या घावाला मुकुट सुटला. शिलाही घेऊन खाली आला. पुढारी तोवर पुरेसे लांब पळाले होते. उघड्या तोंडातून कुबट वाफ आली.

शनिवारी ओव्हरसियर घड्याळ हातात घेऊन हौदाशी उभा राहिला. चाचा त्याच्याकडे पाहतही नव्हते. त्यांचा हात नळाच्या तोंडावर होता. नळ दोनदा खोकला, गढूळ थुंकला आणि मग वाहू लागला. ओव्हरसियरनं घड्याळ खिशात टाकलं.

शिला हौदाच्या कडेला मांडली. तिच्यावर 'कृपाकटाक्षपुनीत' असा एक शब्द होता, त्याचा मला फार अभिमान वाटे. बायकांनी धुणं आपटून वर्षाच्या आत तो पुसून टाकला.