बसवलेली गाडी

मंगळवारी माझा भाऊ गेला. तो दुकानात होता, मी वर्गात होते. फोन आला. मी खडू ठेवला आणि निघाले. यवतमाळच्या दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन उभे होते. हृदय थांबलं, असं त्यांनी सांगितलं.

दारव्ह्याच्या घरात आम्ही दोघंच राहत होतो. आईवडील आधीच गेलेले. तो माझ्याहून लहान. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. मी बोरी अरबच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. रोज सकाळी तो मला गाडीतून बोरीला सोडायचा आणि परत येऊन दुकान उघडायचा. संध्याकाळी मी जीपनं यायची. त्याच्या लग्नाचं बोलणं कधी माझ्यावरून अडायचं, कधी माझं त्याच्यावरून, आणि पुढं पुढं दोघांनाही त्याचं हसू यायला लागलं होतं.

त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, नातेवाईक जेवले, सतरंज्या उचलल्या गेल्या. बोरीहून आलेली आत्या तेवढी काही दिवस राहिली. घरात त्याच्या वस्तू होत्या तशाच होत्या. माझं लक्ष मात्र बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे जायचं, कारण ती एकच वस्तू त्यानं विकत आणून पुन्हा आपल्या हातानं घडवली होती.

गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. घेतल्यावर वर्षभरातच त्यानं तिच्या मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा टाकल्या आणि गाडी जमिनीकडे आणली. त्याच्या मित्रांमध्ये याला ‘गाडी बसवणे’ म्हणत. मला तो शब्द खटकायचा. मी म्हणायची, ‘‘अरे, गाडी बसली म्हणजे बंद पडली. धंदा बसतो, आवाज बसतो. बसणं हे काही कौतुकाचं नाही.’’

‘‘ताई, तुही मराठी उभी हाय, माही बसली,’’ तो म्हणायचा. ‘‘वळणावर कोणाची पडते ते पाहू.’’

आणि खरंच, बोरीच्या वाटेवरच्या वळणांवर ती गाडी रस्त्याला घट्ट धरून जायची. गतिरोधक आला की तो गाडी तिरपी घ्यायचा, आधी एक चाक, मग दुसरं, म्हशीला नाल्यात उतरवावं तसं. तरी कधीकधी खालून घासल्याचा आवाज यायचा. मग तो डोळे मिटून घ्यायचा, जणू त्यालाच लागलं. मी म्हणायची, रस्त्याकडे बघ.

आत्याला ती गाडी कधीच आवडली नाही. माझ्यासोबत राहिली त्या दिवसांत एकदा आत बसून पाहिलं तिनं, आणि मला हाका मारायला लागली.

‘‘बाई, हे गाडी हाय का खाट हाय? बसाले सोपं हाय, उठाले दोन माणसं लागतात.’’ मी तिला हात दिला. ती उठली, गुडघे चोळले आणि म्हणाली, ‘‘एक तं इकून टाक, नाईतं उंच करून घे. माणूसच नाई राह्यला तं त्याची हौस कायले सांभाळतं?’’

ती वाईट बोलली नव्हती. भाचा तिचाही होता. दुसऱ्या दिवशी ती आपल्या गावी गेली. त्यानंतर घरात माझ्याशिवाय कोणी बोलत नव्हतं, आणि मीही फारसं बोलत नव्हते. कॉलेजात जाताना जीपच्या कोपऱ्यात बसायची, वर्गात शिकवायची, परत यायची. लोक सांभाळून बोलायचे. सांभाळून बोललं की बोलणं लवकर संपतं.

त्याचा फोन मी चार्ज करून ठेवत होते. का, ते मला नीट सांगता येणार नाही. एका दुपारी तो वाजला. पलीकडून पार्सलवाला म्हणाला, ‘‘भाऊ, तुमचं पार्सल हाय. घरी आणू का दुकानात?’’

‘‘घरी आणा,’’ मी म्हटलं.

पुठ्ठ्याच्या लहान खोक्यात दोन बोल्ट, त्यांच्या चकत्या आणि एक घडी घातलेला इंग्रजी कागद होता. कागदावर चाकाचं चित्र. मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून मी तो तीनदा वाचला, जसा अवघड उतारा वाचावा तसा. मग बाहेर जाऊन गाडीच्या समोर उभी राहिले आणि कागदातलं चित्र डोळ्यांसमोर दिसलं. पुढची दोन्ही चाकं वरून आत झुकलेली आणि खालून बाहेर फाकलेली होती. पाय फाकून उभ्या राहिलेल्या माणसासारखी. आपल्याकडे अशा माणसाला फेंगडा म्हणतात. गाडी खाली आणली की चाकांचा हा कल, ज्याला कॅम्बर म्हणतात तो, बिघडतो. सगळा भार टायरच्या आतल्या कडेवर येतो. बाहेरून टायर नवा दिसत राहतो. मी वाकून मागच्या बाजूनं हात घातला. रबर संपलं होतं, टायरच्या आतल्या तारा बोटाला लागल्या.

म्हणजे हे त्याला माहीत होतं. त्यानं ते सरळ करायचं ठरवलं होतं, बोल्ट मागवले होते, आणि बोल्ट यायच्या आधी तो गेला होता. उरलेलं काम आता माझ्याकडे आलं. मला ते त्याच्या मनासारखं पूर्ण करायचं होतं: गाडी त्यानं आणली त्याच उंचीवर राहावी आणि चाकं सरळ व्हावीत.

यवतमाळ रोडवर व्हील अलाइनमेंटचं एक गॅरेज आहे. मी तिथं फोन केला. सांगताना नेमका त्याचा शब्द तोंडून गेला. ‘‘गाडी बसली आहे,’’ मी म्हटलं, ‘‘टायर पण गेले आहेत, जरा बघायला याल का?’’

अर्ध्या तासात एक जाडजूड मिस्त्री जीप घेऊन आमच्या दारात हजर. जीपमध्ये लोखंडी साखळी, दोर, लाकडी ठोकळे. तो उतरला आणि गाडीभोवती एक फेरी मारली.

‘‘ताई, कोठी बसली? हे तं कोरड्या जाग्यावर उभी हाय.’’

‘‘बसली म्हणजे... बसवलेली आहे. खाली केलेली.’’

त्यानं कमरेवर हात ठेवले. ‘‘बाप्पा! मी म्हणलं शेतात रुतली. दोन माणसं जेवणावरून उठवून आणून राह्यलो होतो, तेवढ्यात अक्कल आली का आधी पाहून तं घ्या.’’ मग तो एकटाच हसला. किती दिवसांनी आमच्या अंगणात कोणी मोठ्यानं हसलं होतं. मलाही जरासं हसू आलं आणि लगेच अपराध्यासारखं वाटलं.

झिजलेले टायर घेऊन रस्त्यानं जायचं नाही, असं त्यानं बजावलं. गॅरेजवरच्या पोराकडून दोन जुनी चाकं मागवून पुढं लावली, जीप त्याच्याकडे दिली आणि स्वतः गाडी चालवत गॅरेजवर नेली. मी मिस्त्रीच्या शेजारी बसले. पहिल्याच गतिरोधकावर त्यानं गाडी सरळ घातली. खालून घासलं.

‘‘तिरपी घ्या,’’ मी म्हटलं.

‘‘हौ का?’’ पुढच्या वेळी त्यानं तिरपी घेतली. ‘‘भाऊची हाय का गाडी?’’

‘‘भावाची होती.’’

त्याला बहुधा तेव्हा कळलं. त्यानंतरचे सगळे गतिरोधक त्यानं न सांगता तिरपे घेतले.

गॅरेजवर पोचल्यावर पुन्हा त्याचं तोंड सुरू झालं. दारव्ह्यापासून नेरपर्यंत आपल्यासारखा अलाइनमेंटवाला नाही, हे त्यानं मला आणि चहावाल्याला दोघांनाही सांगितलं. मग माझ्याकडे वळला.

‘‘जुन्या स्प्रिंगा हायत का घरी?’’

‘‘आहेत. पोत्यात बांधून माळ्यावर ठेवल्या आहेत.’’

‘‘मंग झालं ना! त्या टाकून देऊ. गाडी वर आली का चाकं आपोआप सरळ होतात. हे बोल्टं-बिल्टं कायले पाह्यजे?’’

‘‘नको. उंची आहे तीच राहू दे.’’

‘‘काहून?’’

  मी खोकं पुढं केलं. ‘‘त्यानं हे मागवले होते,’’ एवढंच म्हटलं.

त्यानं एक बोल्ट बाहेर काढला, उजेडात फिरवून पाहिला. बोल्ट नेहमीच्या बोल्टापेक्षा बारीक होता आणि मध्येच एका बाजूला त्याला पोट होतं. ‘‘खराब पीस पाठवला वाटते,’’ तो म्हणाला. मी कागद उघडून वाचून दाखवला, की ते पोट मुद्दाम आहे, बोल्ट फिरवला की ते पोट चाकाचा माथा बाहेर ढकलतं. तो म्हणाला, ‘‘हौ हौ, माहीत हाय मले, गंमत केली.’’ गंमत होती की नव्हती, देव जाणे. पण त्यानंतर त्यानं कागद माझ्या हातातून घेतला नाही, मीच वाचत राहिले आणि तो करत राहिला.

एक अट मात्र त्यानं घातली. ‘‘पाहा ताई, मशीनवर चाकाच्या कलाचा आकडा हिरवा आला तं ठीक. लाल राह्यला तं मी गाडी देत नाई. स्प्रिंगा बदलाव्याच लागतीन. नवे टायर टाकून पुन्हा तारा निंघाल्या तं लोक मले शिव्या देतीन.’’

मी मान डोलावली. लाल आला असता तर त्याची गाडी इतर कोणत्याही गाडीसारखी झाली असती.

चाक काढलं. आत शॉकअप, म्हणजे धक्के झेलणारा दांडा, दिसला, त्याच्या बुडाशी चाकाला धरणारे दोन बोल्ट. वरचा काढून त्या जागी पोटाचा बोल्ट घातला, पाना लावून हळूहळू फिरवला आणि चाकाचा माथा वरून बाहेर ढकलत बोल्ट आवळला. दुसऱ्या बाजूला तेच. नवे टायर चढवले. गाडी खाली उतरवून पुढेमागे लोटली, स्प्रिंगा जागेवर बसाव्यात म्हणून. मग चारही चाकांना मशीनच्या चिमट्या लावल्या. पडद्यावर आकडे आले. डावं चाक हिरवं. उजवं लाल. पुन्हा चाक काढलं, पुन्हा बोल्ट फिरवला, जितका फिरत होता तितका. आता उजवंही हिरवं झालं, अगदी कडेवरचं हिरवं.

‘‘जमलं!’’ तो म्हणाला आणि स्टिअरिंग सरळ धरायला ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसला.

पडद्यावर उजवा आकडा लाल झाला.

तो खाली उतरला. हिरवा. पुन्हा बसला. लाल. त्याच्या वजनानं गाडी उजवीकडे केसभर खाली जात होती आणि तेवढ्यानं चाक पुन्हा आत झुकत होतं. बोल्टात आणखी जागा नव्हती.

‘‘भाऊ कसे होते अंगानं?’’ त्यानं आतूनच विचारलं.

‘‘तुमच्याएवढाच.’’

त्यानं स्टिअरिंगवरून हात काढले. मग म्हणाला, ‘‘म्हणजे भाऊसाठी नसतं जमलं, ताई. त्यायले स्प्रिंगा बदलाव्याच लागल्या असत्या.’’

मी पडद्याकडे बघत उभी होते. हे काम मी त्याच्यासाठी पूर्ण करायला निघाले होते, आणि ते त्याच्यासाठी होण्यासारखं नव्हतं. तो असता तर बोल्ट घालून, लाल आकडा बघून चिडला असता, चार दिवस धुसफुसला असता आणि शेवटी पोतं माळ्यावरून काढलं असतं. किंवा काढलं नसतं. मला ते कधी कळणार नाही.

मिस्त्री उतरला, दार उघडं धरलं. ‘‘चालवणार कोण? तुमीच ना? मंग तुमी बसा. माह्या वजनाचं काय घेऊन बसलो मी.’’

मी बसले. चालवायला भावानंच मला शिकवलं होतं, पण तो गेल्यापासून त्या जागेवर मी बसले नव्हते. माझे पाय क्लचपर्यंत पोचेनात. सीट मागे होती, त्याच्या पायांच्या मापानं.

‘‘सीट पुढं घ्या,’’ मिस्त्री म्हणाला. ‘‘जशी चालवान तशी बसा, तवाच खरं समजते.’’

मी खालच्या दांडीला हात घातला. ती ओढली की सीट पुढं येते आणि मग पहिली जागा कोणती होती हे सांगता येत नाही. मी थांबले. तो मशीनजवळ उभा राहून काहीतरी पुसत राहिला, घाई केली नाही. मग मी दांडी ओढली आणि सीट पुढं सरकवली. पाय पोचले. स्टिअरिंग सरळ धरलं.

‘‘हिरवं हाय!’’ तो ओरडला. आणि मग आवाज उतरवून पुन्हा म्हणाला, ‘‘हिरवं हाय, ताई. दोनी बाजू.’’

त्यानंतर त्यानं दोन्ही चाकांची तोंडं सरळ समोर, एका दिशेत जुळवली. माथा हलवला की तीही हलतात, असं कागदात लिहिलं होतं. ते होईपर्यंत मला उतरू दिलं नाही. मी बसून राहिले. काचेतून यवतमाळ रोड दिसत होता, कापसाची एक गाडी, तिच्या मागं अडकलेली बस.

परत येताना गाडी मीच चालवली. ती कोणत्याही बाजूला ओढत नव्हती.

गाडी अजून त्याच्याच उंचीवर आहे. सीट माझ्या मापाची आहे. मी ती रोज बोरीला नेते आणि आणते. पुढचे टायर दोन्ही कडांना सारखेच झिजतात. गाडीत मी एकटी असते.