एकशेसतरा नंबरची गिटार

जगात अशी एकही वस्तू नाही जिचं वय आमच्या थोरल्या साडूंना सांगता येत नाही. ते खरं निघतं का, हा क्षुद्र प्रश्न मी पूर्वी विचारत असे. आता शहाणपण आलंय. लातूरच्या एका कॉलेजात, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत यांची उभी हयात गेली. व्हर्निअर कॅलिपर खिशात घालून लग्नाला जाणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. माझ्याच लग्नात, मी मुंडावळ्या बांधून उभा असताना यांनी समई उलटी करून तिचा तळ हुंगला आणि "निजामाच्या काळातली, हैदराबादची" असं भर मांडवात जाहीर केलं. ती समई सासऱ्यांनी आदल्याच आठवड्यात नांदेडच्या वजिराबादेतून आणली होती, आणि ते तसं म्हणालेही. "मग दुकानदारानं फसवलं की तुम्हाला. नवी म्हणून जुनी दिली," साडू म्हणाले. सासऱ्यांनी पुन्हा कधी यांच्याशी वाद घातला नाही.

आमच्याकडे नांदेडला आले की आधी खुर्ची उलटी करून बघतात, मग बसतात. एकदा आमच्या हेडक्लार्कची कवळी हातात घेऊन त्यांनी "मद्रासची" म्हणून सांगितलं. हेडक्लार्क तेव्हापासून माझ्याकडे चहाला आलेले नाहीत.

तर अशा माणसाला, भूकंपानंतर तीन-चार वर्षांनी, लातूरच्या भंगारबाजारात एक चमत्कारिक वस्तू सापडली. चार पाय, वर लांबट लाकडी फळी, फळीवर दहा खुंट्या, खाली लोखंडी पायपट्ट्या. मेव्हणीबाईंनी, म्हणजे आमच्या अक्कांनी, ती इस्त्रीचं टेबल समजून तिच्यावर दोन दिवस कपडे ठेवले. साडूंनी कॉलेजच्या लायब्ररीतलं एक जुनं मासिक धुंडाळून तिसऱ्या दिवशी निकाल दिला, "पेडल स्टील गिटार!" म्हणजे आडवी ठेवून वाजवायची गिटार. डाव्या हातानं तारांवर लोखंडी कांडी फिरवायची, उजव्या हातानं छेडायचं, आणि पायपट्टी दाबली की तार ताणून सूर वर चढतो. आश्चर्य म्हणजे एवढं खरं होतं.

मग प्रश्न आला वयाचा आणि गावाचा. फळीच्या पोटाला पांढऱ्या रंगानं ११७ असा आकडा काढलेला होता. साडूंना तेवढं पुरे होतं. "कारखान्यातला एकशेसतरावा नग! म्हणजे पहिल्या वर्षातला. अमेरिका!" मी वाकून बघितलं, तर पायपट्ट्यांना जोडलेल्या सळया उघड उघड सायकलच्या ब्रेकच्या होत्या. मी तसं म्हणालो. "अमेरिकनांनी सायकलीवरनंच उचललंय हे," ते माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले. तारा नव्या घातल्या, सांध्यांना तेल दिलं, रोज सकाळी अंघोळीआधी तिला पुसायचं, मग स्वतःला. अमेरिकेतल्या एका संग्रहालयाला इंग्रजीत पाच पत्रं धाडली. उत्तर आलं नाही. हा साडूंच्या मते आपल्या टपालखात्याचा गलथानपणा होता.

त्याच सुमाराला लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. आख्खा मराठवाडा पोरं डॉक्टर करायला लातुरात आणून सोडू लागला. लोकांनी जिन्याखालची जागा भाड्यानं दिली, एकानं तर देव कपाटात हलवून देवघर दिलं. अक्कांनीही सगळं घर पोरींना दिलं. राहिली ती समोरची खोली, आणि तीत ही गिटार. अक्का एक दिवस माझ्यादेखत म्हणाल्या, "जूनपातुर ते काय हाय, कुठलं हाय, ते कागदावर आणा. न्हाई तर मी भंगारवाला बोलावते, सांगून ठेवते!" साडू हसले, पण तोंड एवढंसं झालं. अहो, जीव होता त्यांचा त्या लाकडावर.

जूनमध्ये एक रिटायर्ड तलाठी पुतणीसाठी खोली बघायला आले. मी त्या दिवशी तिथंच होतो. साडूंनी रिवाजाप्रमाणे गिटार कलती करून आकडा दाखवला. तलाठ्यांनी चष्मा लावला, दोनदा वाकून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, हा आकडा माझा हाय."

"म्हणजे?"

"भूकंपात मी तिकडंच होतो. ढिगाऱ्यातनं जे निघालं त्याच्यावर त्या घराचा नंबर टाकून शाळेत ठेवत होतो आम्ही. एकशेसतरा म्हणजे सायकलवाल्या मिस्त्रीचं घर. लग्नात बाजा वाजवायचा. हा त्यानंच हातानं बनवला होता. मिस्त्री गेला, दोन्ही लेकरं गेली. बायको तेवढी वाचली, पर ती सहा महिने सोलापूरच्या दवाखान्यात. सामान न्यायला कुणी आलंच न्हाई, मग गेलं भंगारात. हाय ती आता, नव्या गावठाणात."

साडू कधी नव्हे ते वाद घालेनात. ब्रेकच्या त्या सळयांवरून नुसती बोटं फिरवत राहिले. मला राहवलं नाही. म्हटलं, "साडूसाहेब, म्हणजे जगात हा एकच नग! अमेरिकेपेक्षा दुर्मिळ. अक्का आता काय बोलणार? ठेवा की."

"त्या बाईच्या घरातलं हाय ते," ते म्हणाले. "टेम्पो बघा."

आत जाऊन अक्कांनी आपली चांगली सोलापुरी चादर आणली आणि गिटारीवर पांघरली. मला वाटलं होतं, खोली मोकळी होणार म्हणून हसतील. डोळे पुसत होत्या.

नव्या गावठाणात घरं एका ओळीत, एकासारखी एक. त्या बाईंनी चादर उचलली आणि तोंडावर हात धरला. फळीवर तळवा ठेवून त्या म्हणाल्या, "शादी के दुसरे साल हात लगाए थे इसको. बडी बच्ची चलने लगी, तब जाके बोला ये." साडू इतके दिवस कॅलिपर लावून जे वय शोधत होते ते त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

मग बाईंनी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या, पण पलीकडच्या अंगाला.

"बाई, बाजू चुकली तुमची," साडू हळूच म्हणाले.

"नै भाईसाब, मैं इधरीच बैठती थी. हात उनके, पाव मेरा." आणि चप्पल काढून त्यांनी पायपट्टीवर पाऊल ठेवलं.

आमच्या साडूंनी ती गिटार मोजली, हुंगली, पुसली, पण वाजवली कधीच नव्हती. त्यांनी एक तार छेडली. पलीकडून पट्टी दबली आणि सूर हळूहळू वर चढत गेला. बाईंचे डोळे वाहत होते. साडूंचेही. मी आपला टेम्पोवाल्याशी बोलायला बाहेर आलो.

अक्कांच्या समोरच्या खोलीत आता चार कॉट आहेत. साडू दर दुसऱ्या रविवारी एसटीनं गावठाणात जातात; सळयांना तेल द्यायला, असं सांगतात. परवा मी चिडवलं, "काय, आलं का वाजवायला?"

"कुठलं येतंय," ते म्हणाले. "पण त्या बाई चूक म्हणत न्हाईत कधी. नुसता पाय उचलतात, आणि मी पुन्हा छेडीपर्यंत थांबतात."